लशीचा दाखला आणि राष्ट्रांच्या सरहद्दी



ज्या वैद्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांची उमेदीची वर्षे बंदरावरील आरोग्यखात्यात, येणाऱ्याजाणाऱ्या बोटींवरील माणसांच्या नाड्या आणि त्यांचे कागद सारख्याच बारकाईने तपासण्यात गेली. त्यामुळे विषय निवडण्याची मोकळीक चालकांनी मला दिली तेव्हा फार शोध करावा लागला नाही. साथीच्या काळात परदेशी निघालेल्या माणसाकडून लस टोचून घेतल्याचा दाखला मागावा काय, मागावा तर तो कोणत्या आधारावर, आणि तो मागण्याचा अधिकार कोठे संपतो, हा प्रश्न त्यांच्या हयातीतला तर होताच. पण नुकत्याच ओसरलेल्या कोविडच्या साथीने तो आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात, परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या किंवा आखाती देशांत नोकरीस असलेल्या भावाच्या रूपाने, आणून उभा केला आहे.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचन कोणत्या दिशेने चालले आहे याविषयी श्रोत्यांच्या मनात संदेह राहणार नाही. असा दाखला मागणे हे मुळातच जुलमाचे आहे, असे मी मानीत नाही. त्याचप्रमाणे तो मागणारे प्रत्येक सरकार प्रजेच्या आरोग्याचेच रक्षण करीत असते, असेही मला वाटत नाही. लस जेवढे खरोखर करू शकते तेवढेच वचन त्या कागदाने द्यावे. तो कागद कोणत्या देशाच्या शिक्क्याचा आहे यावरून त्याची किंमत वरखाली होऊ नये. आणि ज्या कारणासाठी नियम केला ते कारण सरले की नियमही सरावा. या तीन कसोट्यांवर गेल्या सव्वाशे वर्षांतील व्यवहार घासून पाहिला असता त्यात उजळ भाग किती आणि हिणकस किती, एवढेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

या कथेचा एक आरंभ आपल्या मुंबईतच आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात, गोदीला लागून असलेल्या वखारींच्या दाट वस्तीत, मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. ज्या शहराचे सारे वैभव बंदरावर उभे होते त्या शहरातील व्यापाऱ्यांना आणि अंमलदारांना हे निदान नकोसे वाटावे यात नवल नव्हते. कारण रोगाचे नाव उच्चारले की युरोपची बंदरे हिंदी मालाला आणि हिंदी माणसाला बंद होणार, हे जो तो जाणून होता. झालेही तसेच. १८९७ च्या फेब्रुवारीत व्हेनिस येथे युरोपीय राष्ट्रांची आरोग्यपरिषद केवळ प्लेगच्या विचारासाठी भरली. त्याच सुमारास हिंदुस्थानातून हजला निघणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूक थांबविण्यात आली. आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा तो आखूड पण अमर्याद अधिकार देणारा कायदा कलकत्त्यास संमत झाला, जो पुढे कोविडच्या काळात, १२३ वर्षांनंतर, पुन्हा दफ्तरातून बाहेर काढण्यात आला.

पुण्यात रँडसाहेबांच्या हुकुमाखाली गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून जी झडती घेतली, देवघरापर्यंत बूट नेले, आजाऱ्यांना इस्पितळात आणि त्यांच्या आप्तांना छावणीत हलविले, आणि या साऱ्याची परिणती २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर ज्या गोळीबारात झाली, तो इतिहास महाराष्ट्रास पाठ आहे. पण त्याची एक बाजू आपल्या लक्षातून बहुधा निसटते. सरकारला हा कठोरपणा करण्याची जी घाई झाली, तिच्यामागे प्रजेच्या प्राणांची चिंता होती तशीच परराष्ट्रांनी हिंदुस्थानशी दळणवळण तोडू नये ही चिंताही प्रबळ होती. सरहद्दीवरचा नियम सरहद्दीवरच थांबत नाही. तो परतून माजघरात शिरतो, हे सदाशिव पेठेतल्या त्या वेळच्या रहिवाशास कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आणि याच महिन्यांत, ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत, १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईस आलेले वाल्देमार हाफकिन प्लेगवरची लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर, तिचा प्रयोग केला. व्हेनिसच्या परिषदेने मात्र लशीवर भिस्त ठेवली नाही, व तेव्हाच्या ज्ञानाचा विचार करता ते अयोग्यही नव्हते. तिची सारी भिस्त दिवस मोजण्यावर, बोटी अडकवून ठेवण्यावर, आणि तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर तुर्की सरकारने १८८२ पासून चालविलेल्या विलगवासाच्या तळासारख्या ठिकाणांवर होती. देशाच्या आत मात्र लवकरच निराळी तजवीज सुरू झाली. ज्यांनी हाफकिनची लस टोचून घेतली त्यांना तसा दाखला देऊन छावणीत राहण्यासारख्या जाचक निर्बंधांतून सूट देण्याची पद्धत ठिकठिकाणी पडली. माझ्या मते ही घटना फार अर्थपूर्ण आहे. लशीचा दाखला प्रथम आपल्याकडे आला तो बेडी म्हणून आला नाही. अधिक जड असलेली बेडी काढून घेण्याचा मोबदला म्हणून आला. पुढे त्याचे जे स्वरूप बदलत गेले ते न्याहाळताना हे मूळ विसरून चालणार नाही.

आगबोटीच्या काळात दाखल्याची निकड भासत नव्हती याचे कारण साधे होते. सुवेझमार्गे मुंबईहून विलायतेस पोचावयास दोन-तीन आठवडे लागत, आणि प्लेग काय, पटकी काय किंवा देवी काय, रोगाचे बीज शरीरात शिरल्यापासून तो प्रकट होईपर्यंतचा काळ बहुधा समुद्रावरच उलटून जाई. प्रवास हाच विलगवास होता. विमानाने ही नैसर्गिक चौकी उठवून टाकली. आफ्रिकेत सकाळी डास चावलेला उतारू अंगात ताप उमटण्याच्या आतच कराचीस किंवा मुंबईस उतरू शकतो, ही गोष्ट १९३० च्या सुमारास जेव्हा स्पष्ट झाली, तेव्हा १९३३ साली हेग येथे हवाई वाहतुकीसाठी स्वतंत्र आरोग्यविषयक करारनामा करावा लागला. माणसाला अडवून ठेवण्यात आता अर्थ राहिला नव्हता. त्याच्या शरीरात काय आहे याचा पुरावाच त्याच्याबरोबर प्रवास करील अशी योजना हवी होती, आणि सुदैवाने १९३७ साली माक्स थायलर यांनी पीतज्वरावरची जी लस सिद्ध केली, तिने हा पुरावा विश्वासार्ह करण्याची शक्यता निर्माण केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने २५ मे १९५१ रोजी जी आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली संमत केली व जिचा अंमल १ ऑक्टोबर १९५२ पासून सुरू झाला, तिने जुन्या परिषदांच्या ठरावांचा गुंता सोडवून प्लेग, पटकी, देवी, पीतज्वर, प्रलापक सन्निपात आणि उवांमुळे पसरणारा पुनरावर्ती ज्वर अशा सहा रोगांपुरते नियम एकत्र केले. दाखल्याचा नमुना सर्व राष्ट्रांसाठी एक, त्याची मुदत एक, आणि तो कधीपासून लागू समजावा याचा हिशेबही एक, ही तिची थोरवी होती. देवीचा दाखला पहिल्याने यशस्वी टोचणी झाल्यानंतर आठ दिवसांनी लागू होई व तीन वर्षे चाले. पटकीचा सहा दिवसांनी लागू होऊन सहा महिने चाले. त्या पिढीतील कोणीही माणूस, मग तो केंब्रिजला शिकावयास निघालेला विद्यार्थी असो, नैरोबीस दुकान थाटावयास निघालेला व्यापारी असो, किंवा रत्नागिरीपासून मार्मागोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरचा खलाशी वा तारवटी असो, पासपोर्टाबरोबर ती लहानशी पुस्तिका खिशात बाळगल्यावाचून बोटीवर वा विमानात पाऊल ठेवीत नसे; आणि तीत आपला अपमान आहे असे त्याला कधी वाटले नाही, कारण तीच पुस्तिका लंडनहून निघालेल्या साहेबालाही बाळगावी लागे.

देवीच्या बाबतीत ही काळजी अवाजवी नव्हती, हे दाखविण्यास एकच उदाहरण पुरे आहे. १९७२ साली हजयात्रेहून इराकमार्गे परतलेल्या एका यात्रेकरूपासून युगोस्लाव्हियात, जेथे देवी कोणी डोळ्यांनी पाहिलेल्या नव्हत्या अशी एक पिढी वाढली होती, साथ पसरली. १७५ जणांना लागण झाली, ३५ जण दगावले, आणि तिला आवर घालण्यासाठी कोट्यवधी लोकांना नव्याने टोचावे लागले. पण पाचच वर्षांनी, १९७७ च्या ऑक्टोबरात, सोमालियात देवीचा अखेरचा नैसर्गिक रोगी नोंदविला गेला. १९८० साली रोगाच्या निर्मूलनाची घोषणा झाली. आणि १९८१ साली देवीचे नाव नियमावलीतून काढून टाकण्यात आले. कारण सरले, नियम सरला.

पटकीची कथा त्याहून अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे रोग सरला नव्हता. सरला होता तो लशीवरचा भाबडा विश्वास. त्या काळी टोचली जाणारी पटकीची लस घेणाऱ्याला काही महिने, तेही अर्धेमुर्धे, संरक्षण देई. आणि त्याच्या आतड्यांतून जंतू दुसऱ्यापर्यंत जाण्यास तिचा अडथळा जवळजवळ होतच नसे. १९६१ मध्ये सेलेबीस बेटावरून निघालेली पटकीची सातवी जागतिक साथ या दाखल्यांना न जुमानता खंडांमागून खंड ओलांडीत १९७० साली पश्चिम आफ्रिकेत पोचली, तेव्हा तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की पाणी आणि मैलानिवारण यांची व्यवस्था सुधारल्याने जे होईल ते कागदाने होणार नाही. १९७३ साली पटकीच्या दाखल्याची अट रद्दबातल करण्यात आली. रोग जिवंत असतानाही, लस तो थांबवीत नाही एवढ्याच सबबीवर, प्रवाशाच्या अंगावरची सक्ती उठविण्याचा हा निर्णय आंतरराष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासातील अत्यंत विवेकी निर्णयांपैकी एक होय, असे मी समजतो. आणि कोविडच्या वेळी त्याची आठवण फारच थोड्या सरकारांना राहिली.

आज या जुन्या नियमावलीच्या वारशातून जो एकच दाखला नियमानुसार शिल्लक राहिला आहे, तो पीतज्वराचा. चांगला नियम कसा असतो हे पाहावयाचे असेल तर त्याच्याकडे पाहावे. हिंदुस्थानात पीतज्वर नाही. पण ज्या डासामुळे तो पसरतो तो डास, जो दरवर्षी पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू आणतो, तो मुंबईपासून मडगावपर्यंत प्रत्येक फुटक्या मडक्यात आणि गच्चीवरच्या टाकीत पैदा होतो. म्हणजे गवत वाळलेले आहे. ठिणगी तेवढी बाहेरून यावयाची आहे. म्हणून आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिका येथील पीतज्वराच्या प्रदेशातून सहा दिवसांच्या आत येणारा माणूस, मग तो हिंदी असो वा परदेशी, ग्राह्य दाखला दाखवू शकला नाही तर आपले बंदर व विमानतळ आरोग्याधिकारी त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. सहाच दिवस, कारण रोग प्रकट होण्यास तेवढाच काळ लागतो. लस एकदाच घ्यावयाची. दाखला दहा दिवसांनी लागू होतो, आणि ११ जुलै २०१६ पासून तो दहा वर्षांऐवजी आयुष्यभरासाठी ग्राह्य धरला जातो, कारण संरक्षण आयुष्यभर टिकते असे संशोधनाने दाखविले. ज्याच्या प्रकृतीस लस मानवत नाही त्याला वैद्याच्या लेखी अभिप्रायाची सवलत आहे. दाखल्यावर सही हवी, केंद्राचा शिक्का हवा, खाडाखोड झाली तर तो रद्द. पण ती सही ब्राझीलच्या वैद्याची आहे की बेल्जियमच्या, हे कोणी विचारीत नाही. त्याच २०१६ साली अंगोलातील साथीच्या वेळी तेथे कामास गेलेले, लस न घेतलेले ११ रोगी चीनमध्ये परतले. आशिया खंडात पीतज्वराचे रोगी सापडण्याचा तो पहिलाच प्रसंग. सुदैवाने साथ पसरली नाही. पण तपासनीस ज्या कागदाकडे निर्विकारपणे पाहून तो परत देतो, त्या कागदात किती कोटी माणसांचे स्वास्थ्य गुंतलेले आहे, याची कल्पना त्यावरून यावी.

आता कोविडकडे वळू. ३० जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय चिंतेची आणीबाणी जाहीर केली. मार्चअखेरीपासून आपल्या देशाची नियमित परदेशी विमानवाहतूक बंद झाली ती २७ मार्च २०२२ पर्यंत पूर्ववत सुरू झाली नाही. १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्याकडे लसीकरणास आरंभ झाला. त्याच्या आदल्याच दिवशी संघटनेच्या तज्ज्ञसमितीने सल्ला दिला होता की लशीमुळे रोगाचा प्रसार कितपत थांबतो याचा निर्णय व्हावयाचा असल्याने आणि लसही सर्वांस मिळण्याजोगी नसल्याने प्रवेशाची अट म्हणून लशीचा पुरावा मागू नये. राष्ट्रांनी हा सल्ला ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला.

त्यानंतरच्या वर्षात जे घडले ते पुण्याच्या लोकांनी तर अगदी जवळून पाहिले. हडपसरजवळच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, ऑक्सफर्ड येथे शोधलेली आणि अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या परवान्याने बनविलेली लस कोविशील्ड या नावाने तयार होत होती. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी संघटनेने तिला आपत्कालीन मान्यता दिली. मार्चात याच पुण्याच्या लशीच्या ५० लाख मात्रा खुद्द इंग्लंडला रवाना झाल्या व तेथील नागरिकांच्या दंडांत टोचल्या गेल्या. पण १ जुलैला युरोपीय संघाचा डिजिटल दाखला अंमलात आला तेव्हा संघाच्या औषधनियामकाने मंजूर केलेल्या यादीत युरोपात बनलेली लस होती, पुण्यात बनलेली नव्हती; कारण पुण्यातील कारखान्याची तपासणी व मंजुरी तेथे मागितलीच गेली नव्हती. काही राष्ट्रांनी स्वतंत्रपणे कोविशील्डला मान्यता दिली, काहींनी दिली नाही. माल्टास निघालेल्या काही इंग्रज प्रवाशांना विमानात चढता आले नाही ते त्यांच्या कुपीवरील क्रमांक पुण्याचा निघाला म्हणून. द्रव्य एक, परिणाम एक, पण वेष्टनावरील गावाचे नाव निराळे, म्हणून माणूस रोगट ठरतो, हा चमत्कार त्या उन्हाळ्यात इंग्रजांनीही अनुभवला.

सप्टेंबरात पाळी उलटली. १७ तारखेस ब्रिटनने जाहीर केलेल्या नव्या नियमांत हिंदुस्थानात लस घेतलेला माणूस लस न घेतलेल्यासारखाच मानला जाणार होता. २२ तारखेस कोविशील्डचे नाव यादीत आले, परंतु हिंदुस्थानचा दाखला मान्य देशांच्या यादीत आला नाही. लस खरी, दाखला खोटा, असा त्याचा अर्थ झाला. कोविन यंत्रणेच्या दाखल्यावर जन्मतारखेऐवजी वय छापलेले असे, ही एक हरकत सांगितली गेली, व ती दूर करण्यासाठी जन्मतारीख घालण्याची सोय आपण केलीही. हिंदुस्थान सरकारने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश प्रवाशांस दहा दिवसांचा विलगवास लागू केला; ११ तारखेपासून ब्रिटनने हिंदी दाखला मानला, आणि १३ तारखेस आपण आपला हुकूम मागे घेतला. या आठवडाभरात विषाणूच्या स्वभावात तिळमात्र बदल झालेला नव्हता. बदल झाला तो दोन सरकारांच्या ताठरपणात. परतफेडीचे हे हत्यार परिणामकारक ठरले म्हणून आपल्याकडे समाधान व्यक्त झाले. परंतु जो नियम आरोग्यासाठी केला असे सांगितले जाते तो परतफेड म्हणून करता येतो व परतफेड म्हणून उठवता येतो, तेव्हा त्याचा आरोग्याशी संबंध किती, हा प्रश्न दोन्ही सरकारांना विचारावयास हवा.

हैदराबादच्या भारत बायोटेकने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतून मिळालेल्या विषाणूपासून बनविलेल्या कोव्हॅक्सिनची कथा याहून निराळी आहे, व तिच्यात दोष एकट्या परदेशाचा नाही. ज्या लशीच्या तिसऱ्या टप्प्यातील प्रयोगाचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच ती आपल्याकडे मंजूर झाली, तिच्याविषयी परक्या नियामकाने अधिक माहिती मागितली तर त्यास आकस म्हणता येत नाही. ३ नोव्हेंबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली, म्हणजे अमेरिकेने परदेशी हवाई प्रवाशांस लसीकरणाची सक्ती लागू केली त्या ८ नोव्हेंबरच्या पाचच दिवस आधी. तोवरच्या महिन्यांत अमेरिकन विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या कित्येक विद्यार्थ्यांना तेथे गेल्यावर दुसरी लस नव्याने घेण्यास सांगण्यात आले. कोविशील्ड घेतलेल्यांची अडचण निराळी होती: मे महिन्यात दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे केले गेल्याने त्यांची दुसरी मात्रा विद्यापीठ उघडण्याच्या तारखेपलीकडे जाऊ लागली. ७ जूनला सरकारने शिक्षण, नोकरी आणि टोकियोचे ऑलिंपिक यांसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा दिली व दाखल्यावर पासपोर्टाचा क्रमांक नोंदविण्याची तजवीज केली. मुंबईत कस्तुरबा, कूपर आणि राजावाडी या महापालिकेच्या रुग्णालयांत विद्यार्थ्यांसाठी आधी नाव न नोंदविताही लस मिळण्याची सोय झाली. विद्यार्थी शिकलेले आणि घरचे बरे होते, म्हणून त्यांचे गाऱ्हाणे वर्तमानपत्रांत छापून आले. सौदी अरेबियाने थेट प्रवेश बंद केल्यामुळे तिसऱ्या देशात चौदा दिवस पदरमोड करून राहावे लागलेल्या मजुराची कैफियत मात्र फारशी कोणी लिहून घेतली नाही.

वर्षअखेरीस पहिल्या कसोटीवरही नियम लंगडा पडला. आरंभीच्या महिन्यांत लशीमुळे संसर्ग कमी होतो असा पुरावा होता व त्यावर दाखल्याची उभारणी करणे समर्थनीय होते. पण २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी जो नवा प्रकार जगाच्या नजरेस आणला व ज्यास ओमिक्रॉन असे नाव मिळाले, तो लस घेतलेल्यांनाही सर्रास होऊ लागला. लस मृत्यूपासून वाचवी, परंतु प्रसार पूर्वीसारखा थांबवीत नसे. म्हणजे १९७३ सालच्या पटकीच्या लशीजवळ आपण पुन्हा येऊन पोचलो होतो. तरीही अमेरिकेची सक्ती १२ मे २०२३ पर्यंत, जागतिक आणीबाणी समाप्त झाल्याच्या घोषणेनंतरही आठवडाभर, चालू राहिली. आणि ज्या देशाने प्रामाणिकपणे वर्दी दिली त्याच्यासह आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील त्याच्या शेजाऱ्यांवर, लस घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांवर, दारे बंद झाली. निदान सांगणाऱ्यालाच शिक्षा, हा मांडवीच्या काळचा न्याय अजून जिवंत आहे हे तेव्हा दिसले.

येथे एका आक्षेपाचा विचार केलाच पाहिजे. काही लोक म्हणतात की शरीरात काय जाऊ द्यावे हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे, व म्हणून सरहद्दीवर लशीची अट घालणेच अनुचित. ही भीती केवळ अज्ञानातून येते असे मी म्हणणार नाही. १९०२ साली पंजाबात मुलकोवाल गावी हाफकिनच्या लशीच्या एकाच दूषित बाटलीमुळे १९ माणसे धनुर्वाताने गेली, हाफकिन यांच्यावर ठपका आला, आणि दोष त्यांच्या प्रयोगशाळेचा नव्हता हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. अशा घटनांची स्मृती समाजात टिकून राहते. परंतु परदेशात प्रवेश हा हक्क नसून यजमानाची अनुज्ञा असते, व आल्यागेल्याने पायावर पाणी घेऊनच घरात यावे ही चाल ज्या घरात आहे तेथे पाहुण्याने त्याबद्दल रुसू नये. प्रश्न एवढाच की घरचा जावई आणि वाटेवरचा वाटसरू या दोघांनाही पाणी दिले जाते काय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या सुधारित नियमावलीने प्रवाशाशी सौजन्याने, त्याची प्रतिष्ठा राखून, त्याच्या धार्मिक व सामाजिक भावनांचा विचार करून वागावे असे स्वतंत्र कलमच घातले आहे. १८९७ साली पुण्यात त्याची वानवा होती. आणि जोवर लस सर्वांस मिळत नाही तोवर तिची अट म्हणजे संपत्तीची अट होते. २०२१ संपताना जगातील सर्वांत गरीब देशांत शंभरांपैकी दहा जणांनाही एक मात्रा मिळालेली नव्हती. आपल्याकडील भीषण दुसऱ्या लाटेत आपण निर्यात थांबविली. ते अपरिहार्य होते असे मी मानतो, पण आफ्रिकेच्या वाट्याच्या मात्रा त्यामुळे अडल्या हेही तितकेच खरे.

मग करावे काय? पुष्कळसे नियम आपल्यापाशी आहेतच, उणीव आहे ती ते पाळण्याची. २००५ च्या नियमावलीतील ४३ वे कलम सांगते की कोणत्याही राष्ट्राने शिफारशीपलीकडचा निर्बंध घातला तर त्याचे शास्त्रीय कारण ४८ तासांत संघटनेस कळवावे, व तीन महिन्यांत त्याचा फेरविचार करावा. हे एक कलम जरी काटेकोरपणे पाळले गेले असते तरी कोविडच्या काळातील निम्मे अन्याय आपोआप गळून पडले असते. २०२४ साली संमत झालेल्या व १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी दाखला डिजिटल स्वरूपात असण्यास जागा करून दिली आहे. पण पडद्यावरचा चौकोनी ठिपक्यांचा शिक्का तपासता येणे आणि तो मान्य असणे, या गोष्टी निरनिराळ्या आहेत. मान्यतेसाठी एकच सामायिक कसोटी हवी: जागतिक संघटनेने जी लस ग्राह्य धरली ती, कोणत्याही गावी बनलेली असो व कोणत्याही देशात टोचलेली असो, सर्वत्र ग्राह्य. आणि प्रत्येक नियमाच्या मसुद्यातच त्याच्या अंताची तारीख लिहिलेली हवी. मुदत वाढवावयाची असेल तर पुरावा नव्याने मांडावा.

आपल्या देशाचे या बाबतीत विशेष कर्तव्य आहे, असे मला वाटते. जगाला लागणाऱ्या लशींचा मोठा हिस्सा आपल्याकडे, त्यातही पुण्यात, तयार होतो. त्यामुळे दाखल्याच्या मान्यतेची मागणी करण्याचा अधिकार आपल्याला आहे, पण तो अधिकार प्रयोगांचे निष्कर्ष वेळेवर व पूर्णपणे प्रसिद्ध करण्याच्या जबाबदारीशी बांधलेला आहे. लंडनने आपल्याला जे करू नये असे आपण म्हणतो, ते लागोसहून किंवा आदिस अबाबाहून मुंबईस उतरणाऱ्या प्रवाशास आपल्या अंमलदाराने करू नये. त्याच्याकडे पीतज्वराचा दाखला अवश्य मागावा, तो नसेल तर सहा दिवस थांबवावे, पण सातव्या दिवशी सौजन्याने जाऊ द्यावे, आणि रोगाचे नाव पुढे करून आपल्या मनातील दुसऱ्या कोणत्याही संशयाची तपासणी त्याच रांगेत उरकून घेऊ नये. पुढची साथ येईल यात शंका नाही. ती कोठून येईल हे सांगता येत नाही, आणि कदाचित ती आपल्याच एखाद्या मांडवीतून निघेल. त्या दिवशी आपल्या वैद्याने निर्भयपणे निदान सांगावे असे वाटत असेल, तर ते सांगणाऱ्या इतर देशांशी आपण आज कसे वागतो, याचा हिशेब आतापासून चोख ठेवला पाहिजे.